परसबागेत निरोगी भाजी कशी पिकवावी : मातीपासून काढणीपर्यंत

घरच्या बागेत पहिल्या वर्षी जी रोपे दगावतात, त्यांतली बरीचशी अतिकाळजीने दगावतात. माझ्या पहिल्या टोमॅटोंनी भर दुपारी माना टाकल्या तेव्हा मी पाणी वाढवले. दुसऱ्या दिवशी ती आणखी मलूल दिसली, म्हणून पाणी आणखी वाढवले. आठवड्याभराने एक रोप उपटून पाहिले, तर मुळे तपकिरी आणि बुळबुळीत झालेली होती, आणि एक मूळ चिमटीत धरून ओढताच त्याची साल सुटून आतला दोऱ्यासारखा गाभा तेवढा हातात राहिला. वाफ्यात पाणी मुबलक होते, पण ते शोषून घेणारी मुळेच हवेअभावी गुदमरून कुजली होती. मुळांना पाण्याइतकीच हवाही लागते, ही गोष्ट त्या दिवशी कळली. पुढे जे काही सांगितले आहे, त्यातील बराचसा भाग या ना त्या मार्गाने याच गोष्टीशी येऊन मिळतो.

जागेची निवड

फळभाज्यांना, म्हणजे टोमॅटो, वांगी, मिरची, भेंडी, काकडी आणि सर्व वेलवर्गीय भाज्यांना, दिवसाकाठी किमान ६ ते ८ तास थेट ऊन हवे. मुळा, गाजर, बीट यांचे ४ ते ५ तासांत भागते, तर पालक, मेथी, कोथिंबीर, लेट्यूस अशा पालेभाज्या ३ ते ४ तासांच्या उन्हातही चांगल्या येतात. आपल्या जागेत ऊन किती आहे याचा अंदाज डोळ्यांनी घेऊ नये, कारण तो हमखास जास्त निघतो. एक सुटीचा दिवस निवडून सकाळपासून दर तासाला सावलीची कड कुठे आहे ते कागदावर टिपावे. सूर्याचा मार्ग ऋतूनुसार सरकत असल्यामुळे काही महिन्यांनी तीच नोंद पुन्हा केल्यास बराच फरक आढळतो.

मोठ्या झाडाच्या अगदी जवळ वाफा करू नये. सावलीपेक्षाही त्याची मुळे अधिक त्रासदायक ठरतात, कारण आपण घातलेले पाणी आणि खत ती आधी उचलतात. जुन्या इमारतीच्या भिंतीलगतच्या मातीत पूर्वीच्या रंगातील शिसे उतरलेले असू शकते. तशी शंका असल्यास तिथे मुळा-गाजरासारखी कंदमुळे आणि पालेभाज्या लावू नयेत, किंवा बाहेरून आणलेल्या स्वच्छ मातीचा उंच गादीवाफा करावा. वाफ्याची रुंदी १ ते १.२ मीटरच ठेवावी, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोहोचतो आणि वाफ्यात पाय ठेवण्याची वेळ येत नाही. पायाखाली दबलेली माती पुन्हा भुसभुशीत व्हायला फार काळ लागतो. सुरुवात ४–५ चौरस मीटरने करावी. तेवढी जागा नीट सांभाळता आली की पुढचे पुढे पाहता येते.

माती ओळखणे आणि घडवणे

आपली माती कोणत्या जातीची आहे, हे एका काचेच्या बरणीत समजते. वाफ्यातून १५ सेंटिमीटर खोलीवरची माती घेऊन खडे आणि काडीकचरा काढावा, बरणीचा तिसरा हिस्सा ती भरावी, बाकी पाणी आणि भांडी घासण्याच्या द्रवसाबणाचे दोन-चार थेंब घालून खूप वेळ जोराने हलवावी आणि मग बरणी सपाट जागी ठेवून द्यावी. पहिल्या मिनिटाभरात तळाशी बसते ती वाळू, पुढच्या दोन-तीन तासांत तिच्यावर बसतो तो गाळ, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापर्यंत हळूहळू बसत राहते ती चिकणमाती. तिन्ही थर काचेतून वेगळे दिसतात आणि पट्टीने मोजता येतात. वाळूचा थर फार जाड असेल तर पाणी आणि खत दोन्ही टिकणार नाहीत, चिकणमातीचा जाड असेल तर पाण्याचा निचरा होणार नाही. गंमत अशी, की दोन्ही दोषांवर उपाय एकच आहे, तो म्हणजे चांगले कुजलेले सेंद्रिय खत. वालुकामय मातीत ते पाणी धरून ठेवते, तर चिकण मातीचे कण एकत्र बांधून त्यांच्यामध्ये हवेसाठी पोकळ्या तयार करते. चिकण मातीत थोडीशी वाळू मिसळण्याचा मोह मात्र टाळावा, कारण त्याने ती मोकळी होण्याऐवजी अधिकच घट्ट होऊ शकते.

नव्या वाफ्यावर कुजलेल्या खताचा सुमारे ५ सेंटिमीटर जाडीचा थर पसरून तो वरच्या १५–२० सेंटिमीटर मातीत मिसळावा. एका चौरस मीटरला यासाठी साधारण ५० लिटर खत लागते. पुढील वर्षांत १ ते २ सेंटिमीटरचा थर पुरतो. दरवर्षी भरमसाट खत घालत राहिल्यास स्फुरद (फॉस्फरस) आणि क्षार साठत जातात आणि मग खतानेच रोपे खुरटतात. मातीचा सामू, म्हणजे आम्ल-अल्कतेचे माप (पीएच), ६ ते ७ च्या दरम्यान असल्यास बहुतेक भाज्यांना अन्नद्रव्ये सहज मिळतात, म्हणून दोन-तीन वर्षांतून एकदा माती तपासून घ्यावी. तपासणी न करता चुना किंवा राख टाकू नये. राखेने सामू वाढतो, आणि तो आधीच जास्त असेल तर लोह असूनही रोपांना मिळेनासे होते.

खोदकामाची वेळ ठरवण्यासाठी आपल्या भाषेत वाफसा, म्हणजे खोदण्याजोगी बेताची ओल, हा नेमका शब्द आहे. मूठभर माती घेऊन दाबावी. गोळा झालाच नाही, तर माती फार कोरडी आहे. गोळा झाला आणि बोटाने टोचताच भुगा होऊन पडला, तर वाफसा आहे. गोळ्यावर बोटांचे ठसे उमटून तो चमकत राहिला, तर खुरप्याला हात न लावता दोन दिवस थांबावे, कारण ओल्या चिकण मातीत काम केल्यास तिची ढेकळे विटांसारखी वाळतात.

कंपोस्ट घरी करायचे असेल तर सुकी पाने, फाडलेला पुठ्ठा आणि काड्या हा कर्बयुक्त (कार्बनचा) भाग, तर भाज्यांची देठे, हिरवे गवत आणि ताजे शेण हा नत्रयुक्त (नायट्रोजनचा) भाग. आकारमानाने दोन ते तीन भाग सुक्याला एक भाग ओले धरले, तर कर्ब आणि नत्र यांचे प्रमाण २५–३० ला १ या अपेक्षित प्रमाणाच्या आसपास येते. ढिगाची ओल पिळून काढलेल्या फडक्याइतकी असावी. ढीग सुमारे एक घनमीटरचा असेल तर आतले तापमान ५५ ते ६५ अंश सेल्सिअसपर्यंत चढते आणि त्यात तणांचे बी व बरेचसे रोगजंतू मरतात. दुर्गंधी आली तर ओलावा जास्त आणि हवा कमी आहे असे समजून सुका भाग मिसळून ढीग वरखाली करावा.

ताजे शेण किंवा कोंबड्यांची ताजी विष्ठा भाजीच्या वाफ्यात घालू नये. त्यातील ई. कोलाय आणि साल्मोनेलासारखे जिवाणू मातीला टेकणाऱ्या भाजीतून थेट ताटात येऊ शकतात. घातलेच असेल, तर अशा भाजीची काढणी किमान १२० दिवसांनंतर करावी. बाहेरून आणलेल्या खताबाबत आणखी एक सावधगिरी मला महत्त्वाची वाटते. तणनाशक फवारलेले गवत खाल्लेल्या जनावरांच्या शेणात काही तणनाशके टिकून राहतात आणि खत कुजल्यावरही टोमॅटो, घेवडा यांची पाने वेडीवाकडी होतात. यासाठी त्या खतात निम्मी माती मिसळून एका कुंडीत, आणि नुसत्या मातीच्या दुसऱ्या कुंडीत, घेवड्याचे चार-चार दाणे पेरून तीन आठवडे वाट पाहावी. खताच्या कुंडीतील पानांच्या वाट्या झाल्या किंवा शेंडे पिळवटले, तर ते खत भाजीला घालू नये.

कुंड्यांमध्ये लागवड करणाऱ्यांनी तळाशी खडे किंवा विटांचे तुकडे घालण्याची सवय सोडावी. बारीक मातीतले पाणी तिच्याखालच्या जाड खड्यांत सहज उतरत नाही, ते दोन्हींच्या सीमेवर अडून राहते आणि ओली माती उलट मुळांच्या अधिक जवळ येते. भोकावर जाळीचा तुकडा ठेवला तरी पुरे. टोमॅटोसाठी १५ ते २० लिटरची, मिरचीसाठी १० लिटरची कुंडी आणि पालेभाज्यांसाठी १५–२० सेंटिमीटर खोलीचे पसरट भांडे घ्यावे.

बी आणि रोपे

जुन्या बियांची खात्री नसेल तर दहा दाणे ओलसर कागदात गुंडाळून झाकणाच्या डब्यात ठेवावेत. सात-आठ दिवसांत सात किंवा अधिक उगवले तर बी वापरण्याजोगे आहे, चार-पाचच उगवले तर दाट पेरावे. कांद्याचे बी वर्ष-दोन वर्षांतच निकामी होते, तर टोमॅटोचे चार-पाच वर्षे सहज टिकते. बी त्याच्या जाडीच्या दोन ते तीन पट खोल पेरावे. लेट्यूसचे बी बारीक असून त्याला उगवण्यासाठी उजेड मदत करतो, म्हणून ते जेमतेम झाकावे. उष्णता ३० अंशांच्या वर गेली की तेच बी झोपी जाते, तर भेंडी, काकडी आणि भोपळ्याला उबदार माती लागते. भेंडीचे टणक बी रात्रभर पाण्यात भिजवल्यास लवकर फुटते. गाजर आणि मुळा यांची पुनर्लागवड करू नये, सोटमूळ दुखावले की त्याला फाटे फुटतात.

टोमॅटो, वांगी, मिरची, कोबी यांची रोपे आधी ट्रेमध्ये तयार करावीत. कोवळी रोपे जमिनीलगत बारीक होऊन एका रात्रीत आडवी पडतात, त्याला रोपे कोलमडणे म्हणतात. पिथियम आणि रायझोक्टोनिया या बुरशी त्यामागे असतात आणि दाट पेरणी, जुनी माती व सततची ओल यांमुळे त्या बळावतात. कोलमडलेले रोप वाचत नाही. उरलेली वाचवायची तर पाणी कमी करून हवा खेळती ठेवावी. रोपे उंच, फिकट आणि लवचीक होत असतील तर त्यांना उजेड कमी पडतो आहे. खत घालून हा दोष जात नाही.

लावणीपूर्वी ७ ते १० दिवस रोपांना बाहेरच्या हवेची सवय लावावी : पहिल्या दिवशी तासभर सावलीत, मग रोज थोडे अधिक आणि थोड्या अधिक उन्हात. लावणी संध्याकाळी करावी. टोमॅटोचे रोप खालची पाने काढून निम्म्या खोडापर्यंत पुरले तरी चालते, किंबहुना तसेच करावे, कारण गाडलेल्या खोडालाही मुळे फुटतात. मात्र ही मुभा टोमॅटोची आहे. लेट्यूससारख्या भाजीचा मधला कोंब मातीखाली गेल्यास ती कुजते. रोपांची विरळणी करताना जास्तीची रोपे उपटू नयेत, कात्रीने जमिनीलगत कापावीत, म्हणजे शेजारच्या रोपाची मुळे हलत नाहीत. तोडून टाकताना जीव हळहळतो, पण दाटीत वाढलेली रोपे एकमेकांना रोग देतात आणि कोणालाच धड वाढू देत नाहीत.

पाणी

एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरला एक लिटर पाणी. वाढीला लागलेल्या भाजीला आठवड्याला साधारण २५ मिलिमीटर, म्हणजे चौरस मीटरमागे २५ लिटर पाणी लागते. कडक उन्हाळ्यात ही गरज दीडपट ते दुपटीपर्यंत जाते. पण वेळापत्रकापेक्षा बोट अधिक खरे सांगते. तर्जनी मातीत दुसऱ्या पेरापर्यंत खुपसावी. टोकाला गार ओल लागली तर पाणी देऊ नये, कोरडे लागले तरच द्यावे आणि मग भरपूर द्यावे. रोज थोडे शिंपडल्याने वरचा दोन बोटांचा थर तेवढा भिजतो, मुळे तिथेच घुटमळतात आणि एखादा दिवस पाणी चुकले की रोप कोमेजते. दोन-तीन दिवसांआड खोलवर दिलेले पाणी मुळांना खाली ओढते. कुंड्यांचे गणित वेगळे आहे. तिथे माती थोडी असल्याने उन्हाळ्यात रोज, कधी दोनदाही पाणी द्यावे लागते.

दुपारी पाने लोंबली म्हणून झारी उचलू नये. भोपळा आणि काकडी यांची मोठी पाने कडक उन्हात मुळांच्या पुरवठ्यापेक्षा अधिक पाणी गमावतात आणि सूर्य कलला की पुन्हा ताठ होतात. तेच रोप दुसऱ्या दिवशी सकाळीही मलूल दिसले, तर आधी माती चाचपावी. ती कोरडी असेल तर पाणी द्यावे. ती ओली असूनही रोप मलूल असेल तर दोष मुळांत किंवा खोडात आहे आणि अधिक पाण्याने तो वाढेलच.

पाणी सकाळी, बुंध्याशी द्यावे. संध्याकाळी भिजलेली पाने रात्रभर ओली राहतात आणि करपा, केवडा यांसारख्या रोगांना तेवढे पुरते. भुरीची बुरशी मात्र पान कोरडे असतानाही पसरते, तिच्यासाठी दाटी कमी करणे हाच खरा इलाज आहे. मातीवर सुक्या पानांचे किंवा गवताचे ५ ते ८ सेंटिमीटर आच्छादन घातल्यास बाष्पीभवन घटते, तण दबते आणि पावसाचे थेंब मातीतले रोगबीज खालच्या पानांवर उडवत नाहीत. आच्छादन खोडाला टेकवू नये, चार बोटे अंतर ठेवावे.

टोमॅटोच्या बुडाशी काळा, दबलेला, चामड्यासारखा डाग पडतो, तो पाहून बरेच जण बुरशीनाशक शोधू लागतात. हा रोग नव्हे. फळाला कॅल्शियम कमी पडल्याची ती खूण आहे. मातीत कॅल्शियम बहुधा असतेच, पण ते पाण्याबरोबरच वर चढते, त्यामुळे कधी कोरडे तर कधी चिखल अशी पाण्याची धरसोड झाली की फळाच्या टोकापर्यंत ते पोहोचत नाही. डाग पडलेली फळे काढून पाणी नियमित केले की पुढची फळे बहुधा स्वच्छ निघतात.

पानांवरून भूक ओळखणे

नत्र रोपात सहज फिरते. ते कमी पडले की रोप जुन्या पानांतून काढून नव्यांना देते, म्हणून खालची पाने आधी सरसकट पिवळी पडतात. मॅग्नेशियमच्या कमतरतेतही खालचीच पाने पिवळी होतात, पण शिरा हिरव्या राहतात. लोह एकदा पानात बसले की हलत नाही, त्यामुळे त्याची कमतरता शेंड्याच्या कोवळ्या पानांवर दिसते : पान फिकट पिवळे आणि शिरांचे जाळे हिरवे. पिवळेपणा खालून सुरू झाला की वरून, एवढे नीट पाहिले तरी अर्धे निदान होते.

नत्र जास्त झाले तर रोप गर्द हिरवे आणि डौलदार दिसते, पण फुले येत नाहीत आणि मऊ कोंबांवर मावा तुटून पडतो. घेवडा, वाटाणा, चवळी यांना नत्राची गरज फारशी नसते, कारण त्यांच्या मुळांवरील गाठींतले रायझोबियम जिवाणू हवेतला नत्र बांधून देतात. एक गाठ नखाने फोडून पाहावी. आतून गुलाबी निघाली तर जिवाणू कामावर आहेत.

फुले गळणे आणि फळधारणा

काकडी, भोपळा, दोडका यांना नर आणि मादी फुले वेगळी येतात. पहिल्या काही दिवसांत बहुतेक नर फुलेच उमलून गळतात, त्यात काळजीचे कारण नाही. मादी फुलाच्या मागे इवलेसे फळ दिसते. ते बोटाएवढे होऊन पिवळे पडून गळत असेल तर परागीभवन झालेले नाही. अशा वेळी नर फुलाच्या पाकळ्या काढून त्याचा पुंकेसर मादी फुलाच्या मध्यभागी हलकेच फिरवावा. काकडी आणि लाल भोपळ्याचे हे काम सकाळी करावे, दोडका आणि दुधीची फुले मात्र संध्याकाळी उमलतात. टोमॅटोचे फूल स्वतःच्याच परागावर फळ धरते, त्याला फक्त हलण्याची गरज असते, म्हणून वारा नसलेल्या जागी फांदीला टिचकी मारावी. दिवसाचे तापमान ३५ अंशांच्या वर टिकले तर टोमॅटोची फुले गळतात. त्या काळात खत न वाढवता दुपारची सावली द्यावी.

कीड आणि रोग

आठवड्यातून दोनदा प्रत्येक रोपाची चार-पाच पाने उलटी करून पाहावीत. मावा, पांढरी माशी, लाल कोळी आणि बहुतेक किडींची अंडी पानाच्या मागेच असतात. मावा दिसताच फवारणीकडे धावू नये, आधी त्याच पानावर आणखी कोण आहे ते पाहावे. काळसर, मगरीसारख्या आकाराची, नारिंगी ठिपक्यांची जी अळी हमखास मारली जाते, ती लेडीबर्ड भुंगेऱ्याची असते आणि मावाच खाते. ती असेल तर काही दिवस थांबावे. नसेल तर पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने मावा धुऊन काढावा, मोठ्या अळ्या हाताने वेचाव्यात. एवढ्याने भागले नाही तरच एक लिटर पाण्यात ५ मिलिलिटर कडुनिंबाचे तेल आणि ते मिसळण्यापुरता सौम्य द्रवसाबण घालून संध्याकाळी पानांच्या मागच्या बाजूने फवारावे. आधी दोन-चार पानांवर फवारून दुसऱ्या दिवशी पान भाजले नाही ना, ते पाहावे. दुपारच्या उन्हात तेलाने पाने करपतात, आणि फुलांवर फवारल्यास मधमाश्या दुखावतात.

पाने आखडून रोप खुरटले, किंवा पानांवर हिरव्या-पिवळ्या नक्षीचे डाग उठले, तर विषाणूची शंका घ्यावी. विषाणूवर औषध नाही. असे रोप त्याच दिवशी उपटून पिशवीत भरून बागेबाहेर काढावे. तंबाखूवरील मोझॅक विषाणू हातांवरून टोमॅटो आणि मिरचीवर येतो, म्हणून तंबाखू हाताळणाऱ्याने साबणाने हात धुऊनच रोपांना शिवावे.

टोमॅटो, वांगी, मिरची आणि बटाटा एकाच कुळातले असल्याने त्यांतले काहीही त्याच वाफ्यात तीन वर्षे पुन्हा लावू नये. कोबी, फुलकोबी, मुळा आणि मोहरी यांचेही तसेच. छोट्या बागेत हे तंतोतंत जमत नाही, मलाही जमत नाही, पण कोणत्या वाफ्यात काय होते याची वही ठेवली तर निदान वांग्याच्या जागी टोमॅटो लावण्याची चूक होत नाही.

काढणी

भेंडी, काकडी आणि घेवडा यांची काढणी दर दोन दिवसांनी करावी. एखादे फळ वेलावर जून होऊन बी धरू लागले की रोप नवी फुले कमी करते. पालेभाज्या उन्हाचा दिवस संपताना काढल्यास त्यांतील नायट्रेट सकाळच्या मानाने कमी असते, कारण उजेडात पाने ते वापरून टाकतात. अर्थात पाला लगेच गार जागी ठेवावा, नाही तर कोमेजतो. बटाटे उन्हात उघडे पडून हिरवे झाले असतील तर त्यांत सोलॅनिन हे विषारी द्रव्य वाढलेले असते, ते खाऊ नयेत.

दुधी, दोडका किंवा काकडी शिजवण्यापूर्वी प्रत्येक फळाचा बारीकसा तुकडा जिभेवर ठेवून पाहावा. कडू लागला तर लगेच थुंकून ते फळ टाकून द्यावे. कुकुर्बिटासिन हे विष शिजवल्याने जात नाही आणि त्याने उलट्या, जुलाब व क्वचित त्याहून गंभीर त्रास होतो. घरी धरलेल्या बियांतून आलेल्या वेलांबाबत ही खबरदारी विशेष घ्यावी, कारण जवळपासच्या रानटी किंवा शोभेच्या भोपळ्याचा पराग आदल्या हंगामात आला असेल, तर त्याचा कडूपणा या हंगामातील फळात उतरतो. अशा वेलाचे बी ठेवू नये आणि वेल मुळासकट काढून टाकावा.